रक्तात दिसलं तर

सबंध बीड जिल्ह्यात अशी डोकी फार थोडी असतील, की ज्यांची आमच्या दाजींनी कधी ना कधी चौकशी केली नाही. माणूस भेटला की आपण विचारतो, जेवण झालं का, तुमच्याकडं पाऊस कसाय. दाजी विचारायचे, "डोकं दुखतं का?" समोर तहसीलदार असो, कडब्याची गाडी हाकणारा असो नाहीतर मयताला आलेला सोयरा असो, प्रश्न तोच. माणूस 'न्हाई' म्हणाला की त्यांचा चेहरा पडायचा. 'दुखतं' म्हणाला की आमचा गडी खुलायचा. आणि कुणी 'रोज दुखतं' म्हणालाच, तर त्याचं मनगट धरून त्याला बाजूला न्यायचे, शर्टाच्या खिशातलं पेन काढायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, "आणि गोळी? गोळी रोजच घेता का?" बाजूला नेलेला माणूस बहुतेक वेळा हात सोडवून घ्यायचा. आमच्या चुलत्याच्या दहाव्याला त्यांनी कावळ्याची वाट बघत उभ्या असलेल्या भावकीला हा प्रश्न विचारला, तेव्हा मी नदीत उडी मारायच्या बेतात होतो. नदीला पाणी नव्हतं म्हणून राहिलो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळ कडा गावाकडचे, राहायला चौसाळ्याला आमच्याच गल्लीत, रोज जाऊन-येऊन बीडमधल्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचे. उंच, वाळके, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ती काडी बदला म्हणून अक्का सांगून दमली आणि मीही. मी चौसाळ्याला बी-बियाणं आणि खतांचं दुकान चालवतो. शास्त्रातलं मला एवढंच कळतं की पिशवीवर लिहिलेलं सगळं उगवत नाही. दाजी सुट्टीच्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसायचे आणि गिऱ्हाइकांची डोकी तपासायचे. सोयाबीनचं बी न्यायला आलेला माणूस बी राहिलं बाजूला, बायकोच्या डोक्याची कहाणी सांगत बसायचा आणि शेवटी समोरच्या दुकानातून बी घेऊन जायचा. मी तापायचो. दाजी म्हणायचे, "मेव्हण्या, बी काय, पुढच्या वर्षी बी विकशील."

माझ्या पोराला मुलगी बघायला आम्ही गेवराईला गेलो होतो. घर चांगलं, माणसं चांगली, पोहे चांगले. मुलगी येऊन पाटावर बसली. नाव विचारून झालं, शिक्षण विचारून झालं. आणि मग आमच्या दाजींचा आवाज आला, "बेटा, महिन्यातून किती दिवस डोकं दुखतं?" मुलीच्या बापाच्या हातातली बशी कलली. माझ्या बायकोनं मला असा चिमटा काढला की जणू मीच विचारलं. पण मुलगी धीट. मान वर न करता म्हणाली, "इतके दिवस दुखत नव्हतं. तुमी इचारल्यापासून दुखायलंय." सगळे हसले आणि सोयरीक जमली. आज ती माझी सून आहे. दाजी मात्र परत येताना गाडीत पूर्ण रस्ताभर हळहळत होते, की इतकी हुशार मुलगी आणि डोकं दुखत नाही.

दाजींचं म्हणणं काय होतं, ते मी माझ्या अडाणी भाषेत सांगतो. डोकं दुखतं म्हणून माणूस गोळी घेतो. कधीमधी घेतली तर ठीक. पण रोज घ्यायला लागला, महिनोन्महिने घेत राहिला, की मग त्या गोळीमुळंच डोकं दुखायला लागतं. दुखतं म्हणून तो आणखी घेतो. घेतो म्हणून आणखी दुखतं. सुटायचा रस्ता एकच, गोळी सोडणं. सोडल्यावर आधी काही दिवस जीव नकोसा होतो आणि मग बऱ्याच जणांचं डोकं मोकळं होतं. हे डॉक्टर लोकांना ठाऊक आहेच, दाजींनी काही नवं काढलं नव्हतं. अडचण पुढची आहे. गोळीनं डोकं दुखतंय हे ओळखायचं कसं? विचारून. आणि विचारलं की आपली माणसं काय सांगतात? "म्या कसलंच औषध घेत न्हाई वो. डोक्याची गोळी तेवढी घेते." डोक्याची गोळी आमच्याकडं औषधात धरतच नाहीत. ती किराणा दुकानात काडेपेटीशेजारी मिळते, शेजारणीला उसनी देता येते, पाहुण्याला चहाबरोबर विचारता येते.

म्हणून दाजींनी ठरवलं, की माणसाला विचारायचंच नाही, रक्ताला विचारायचं. साखरेचा रोग जसा रक्तात दिसतो, तसं गोळीनं बिघडलेलं डोकंही रक्तात दिसलं पाहिजे. रक्तात म्हणे हजारो तऱ्हेची प्रथिनं असतात. त्यातलं एखादं तरी अशा माणसात वाढत असेल, एखादं कमी होत असेल. ते एकदा हाती लागलं की थेंबभर रक्त घ्यायचं आणि कागदावर लिहून द्यायचं, बाई, तुझं डोकं गोळीमुळं दुखतंय. आमच्या गल्लीत बातमी पसरली की सर प्रोटीन शोधायलेत. एक म्हातारी त्यांना डाळीचं पीठ देऊन गेली.

पण हे सगळं दाजींनी जिल्ह्यासाठी केलं नव्हतं. शास्त्रासाठीही नाही. त्यांना एकच डोकं बरं करायचं होतं आणि ते त्यांच्या स्वयंपाकघरात होतं.

अक्काचं डोकं कधीपासून दुखत होतं ते तिलाही आठवत नव्हतं. "तुमच्याशी लगीन झालं तवापासून," असं ती दाजींना म्हणायची. "रक्तात बघितलं तर तुमचंच नाव निघंल." गोळ्यांच्या पट्ट्या तिच्या मसाल्याच्या डब्यात जिऱ्याच्या वाटीखाली असायच्या, देवाच्या तसबिरीमागं असायच्या, पदराच्या गाठीत असायच्या. चहाबरोबर एक, धुणं झालं की एक, पाहुणे आले की एक आणि गेले की एक. पाहुणे जास्त बसले तर मधे एक. दाजी सांगून थकले. एकदा चिडून त्यांनी सगळ्या पट्ट्या मोरीत फोडून टाकल्या. अक्का डोक्याला फडकं बांधून भिंतीकडं तोंड करून पडली. जेवली नाही, उठली नाही, उलट्या करत राहिली. तिसऱ्या दिवशी दाजी स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि गोळ्यांची पट्टी घेऊन आले. मी नेमका तेव्हा त्यांच्या घरी गेलो होतो. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बघवंना रे मला." एवढा जीवरसायनाचा मास्तर, पण अक्का कण्हायला लागली की त्याचं सगळं शास्त्र चुलीत जायचं.

त्या दिवशी गोळी घेऊन, चहा पिऊन अक्का उठून बसली आणि तिनं अट घातली. "सासूबाईंची साखर रक्तात दिसली, त्यांनी गोड सोडलं. शेजारणीचं थायरॉईड रक्तात दिसलं. माझ्या डोक्याचं दिसतं का कुठं रक्तात? न्हाई ना? मग तुमी म्हणता म्हणून मी कशाला सोडू? आधी ती तपासणी काढा. रक्तात दिसलं तर त्याच दिवशी सोडीन, देवाशप्पथ. तवर माझ्या गोळीला हात लावायचा न्हाई, अन् मला सुई टोचायची न्हाई." दाजी 'बरं' म्हणाले. मला वाटलं, नवराबायकोचं भांडण मिटलं. पण दाजी त्या एका 'बरं'च्या मागं आयुष्य घालायला निघाले होते.

कॉलेजातल्या परवानग्या मिळवल्या, पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत जुना वर्गमित्र होता त्याला गाठलं आणि सुरू झालं रक्त गोळा करणं. एक नर्सबाई सुई टोचायला, एक रक्त फिरवून पाणी वेगळं करायचं यंत्र आणि एक थर्माकोलची पेटी, असा त्यांचा संसार झाला. घरची वीज गेली की ते यंत्र पिठाच्या गिरणीच्या वेगळ्या लाईनवर चालवायचं. म्हणजे एकीकडं ज्वारी दळतेय, दुसरीकडं रक्त फिरतंय आणि डबे घेऊन बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून बघतायत, असा देखावा. पुण्याला न्यायच्या पेटीत कोरडा बर्फ असायचा. एकदा बसमध्ये त्या पेटीतून वाफा निघायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, बॉम्ब! चौसाळ्याच्या स्टँडवर सगळी बस रिकामी झाली. कंडक्टर लांबूनच म्हणाला, "अवो सर, त्या पेटीत हाय तरी काय?" दाजींनी शांतपणे सांगितलं, "माणसांचं रक्त." मग तर विचारूच नका. पोलीस आले. आणि पोलीस चौकशी करत असताना दाजी हवालदाराला विचारत होते, "रात्रपाळी असते तुम्हाला. डोकं दुखत असंल ना?"

हसण्यासारखं तेवढंच होतं. पुढचं सगळं आठवलं की मला जेवण जात नाही. पहिल्या खेपेच्या रक्तात काहीतरी दिसलं. एक प्रथिन, त्याचं नाव मला उच्चारता येत नाही, गोळ्या खाणाऱ्यांत जास्त निघालं. दाजींनी माझ्या दुकानात पेढे वाटले. अक्कानं पेढा घेतला आणि विचारलं, "मग मिळाली का तपासणी?" दाजी म्हणाले, "एकदा दिसून चालत नाही, पुन्हा दिसावं लागतं." पुन्हा रक्त गोळा केलं, पुन्हा पुण्याला नेलं. या वेळी तेच प्रथिन दिसलं नाही. दुसरंच काहीतरी वर आलं. तिसऱ्या खेपेला तेही गायब. मित्र पुण्याहून म्हणाला, माणसं सगळी वेगवेगळी, कुणी बीपीची गोळी घेतंय, कुणी उपाशी, कुणाला ताप, यातून काय निवडणार? एकाच माणसाचं रक्त गोळी चालू असताना घे आणि ती सोडल्यावर घे, मग फरक कळेल. पण गोळी सोडणारा माणूस आणायचा कुठून? घरातली बाई सोडेना, तर गावातल्या कोण सोडणार?

सोडली ती कौसाबाईनं. माझ्या दुकानामागच्या वस्तीतली ही बाई. दिवाळीच्या सुमाराला तिथली घरं कुलपं लावून ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यात परत येतात. उसाच्या फडात अंधारातच उठायचं, चहा आणि गोळी घ्यायची, कोयता हातात घ्यायचा. डोकं दुखतं म्हणून बसलं तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. सगळ्या बायांची ही सवय गावातही सुटत नसायची. दाजी तिच्या ओट्यावर जाऊन बसले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. कौसाबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "आजवर माझ्या डोक्याचं कुणी इचारलं न्हाई बघा, सर. मालकानं बी न्हाई." तिनं वस्तीतल्या आणखी बायांना गोळा केलं. पहिलं रक्त दिलं आणि पोळा झाल्यावर सगळ्यांनी मिळून गोळी सोडली. डॉक्टरांना विचारून, दाजींच्या देखरेखीखाली, पण सोडली.

काय हाल झाले त्यांचे! वस्तीत भांडं पडलं तरी शिवी यायची. बाया डोक्याला पदर आवळून भिंतीला टेकून बसायच्या. दाजी दर रविवारी लिंबं घेऊन जायचे आणि एकेकीच्या दारात बसून म्हणायचे, "अजून थोडे दिवस, माय. जाईल." अक्काला जे सांगता आलं नाही ते सगळं या बायांना सांगून येत असावेत. आणि खरंच गेलं. कौसाबाई दुकानात येऊन मला म्हणाली, "भाऊ, सकाळी उठले, अन् डोकं हाय का न्हाई तेच कळंना. इतकं हलकं." दाजींनी हे पळत जाऊन अक्काला सांगितलं. अक्का भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "चांगलं झालं. रक्तात दिसलं का?" दाजी म्हणाले, "रविवारी दुसरं रक्त घ्यायचंय. आता दिसंल."

त्या रविवारी मी सोबत होतो. ओटे सारवलेले, बाया ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, कपाळभर कुंकू. नर्सबाईनं रक्त काढलं, कुणी हूं की चूं केलं नाही. दाजींचा चेहरा मी तसा फुललेला त्याआधी कधी पाहिला नव्हता. गिरणीवर यंत्र फिरलं, नळ्या पेटीत गेल्या. मग चहा आला आणि चहाबरोबर कौसाबाई कौतुकानं म्हणाली, "सर, आज एक बी बाई कण्हली का? न्हाई ना? आमी सकाळीच समद्यांनी एकएक गोळी घेतलती. डोकं दुखत नव्हतं, पर सुई टोचल्यावर उठलं तर? पाव्हणं दारात आल्यावर तोंड वाकडं करून बसावं का? अन् रक्त पुण्याला जायचं म्हणता. आमचं रक्त चांगलंच दिसाय पायजे."

दाजींच्या हातात कप होता. मी चाचरत विचारलं, "मधी? मधी घेतलती का?" कौसाबाईला रागच आला. "मधी कशी घेऊ? सरांना शबूद दिलता. आज तेवढी घेतली, सरांसाठी."

महिनाभर डोकी फुटायची वेळ आली तरी त्या बायांनी शब्द मोडला नव्हता. मोडला तो मान राखायला. त्यांना काय बोलणार? मी त्यांच्या जागी असतो तर कप आपटला असता. दाजींनी चहा संपवला आणि म्हणाले, "लई चांगला झालाय चहा, कौसाबाई." परत येताना पेटी मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हणालो, पुन्हा घ्या की थोड्या दिवसांनी. ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ट्रक लागायलेत वस्तीला. फडात गेल्यावर कोण सोडतंय गोळी." मित्रानंही सांगून टाकलं, पहिल्या रक्तात गोळी, दुसऱ्यातही गोळी, मग फरक कशाचा बघू? ती पेटी कुठं गेली, मी विचारलं नाही.

पुढच्या पोळ्याची वाट बघायची असं दाजींनी ठरवलं. तोवर अक्काचे पाय सुजले. चप्पल होईना. तोंडाची चव गेली, भाकरीच्या वासानं उमासे यायला लागले. तरी तिनं कुणाला सांगितलं नाही, वर एक गोळी जास्त घेतली. शेवटी ती मोरीत बसली ती उठेना, तेव्हा दाजींनी आणि मी तिला बीडला दवाखान्यात नेलं. तिथं तिचं रक्त काढलं. दाजींनी आणलेल्या नर्सबाईला तिनं कधी हात दिला नव्हता, इथं नाही म्हणायचं बळ तिच्यात राहिलं नव्हतं. रिपोर्ट दाजींनी स्वतः घेतला आणि स्वतः वाचला. क्रिएटिनिन. हा शब्द ते जन्मभर पोरांना शिकवत आले होते. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. इतक्या वर्षांच्या गोळ्यांनी, डॉक्टर म्हणाले.

अक्कानं खाटेवरून विचारलं, "दिसलं का रक्तात?"

"दिसलं," दाजी म्हणाले.

"तुमी शोधत होता तेच का?"

"न्हाई. दुसरंच."

"पण गोळीचंच हाय ना?"

दाजींनी होकाराची मान हलवली. अक्कानं पदराची गाठ सोडली, आतली पट्टी काढली आणि त्यांच्या हातात दिली. "घ्या. सुटली."

मी बाहेर जाऊन जिन्यात रडलो. सांगायला कसली लाज.

अक्कानं शब्द पाळला. पुढचे काही आठवडे तिच्या डोक्यानं तिला जे सोसायला लावलं, ते मला लिहवत नाही. या खेपेला दाजी दुकानाकडं गेले नाहीत. नुसते तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. आणि मग एका सकाळी डोकं दुखायचं थांबलं. तोवर तिचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून ठरल्या दिवशी ती त्या खाटेवर पडते, तिचं रक्त एका नळीतून यंत्रात जातं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं आणि दाजी स्टुलावर बसून ते बघत असतात. एक दिवस मी तिथं असताना ती म्हणाली, "डोकं अजाबात दुखत न्हाई बघा आता. तुमचं खरं होतं." दाजी म्हणाले, "खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं." अक्का हसली. नळीकडं बोट करून म्हणाली, "घ्या की आता पायजे तेवढं रक्त. किती मागं लागला होता." सगळ्या जिल्ह्याचं रक्त जमवत फिरलेला तो माणूस, त्यानं नुसती तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

त्यानंतर यंत्र कॉलेजला परत गेलं. कौसाबाईच्या वस्तीनं दोनतीनदा निरोप धाडला, सर येईनात का म्हणून. दाजी गेले नाहीत.

परवा भावकीतल्या एका लग्नात ते भेटले. अक्काचा डायलिसिसचा दिवस नव्हता, तिला घरी निजवून तासाभरासाठी आले होते. मांडवात एका बाजूला खुर्चीवर बसले होते. चष्म्याची काडी तशीच दोऱ्यानं बांधलेली. येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होते. मी जवळ गेलो, तर माझ्याकडं बघून म्हणाले, "जेवलास का?"

तीस-पस्तीस वर्षांत या माणसानं मला हे कधी विचारलं नव्हतं. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी शेजारची खुर्ची ओढली आणि धडधडीत खोटं बोललो, "दाजी, माझं डोकं लई दुखायलंय."

त्यांचा हात सवयीनं खिशाकडं गेला. पेन होतं तिथं, पण ते काढलं नाही.

"गोळी घेतलीस?"

"न्हाई अजून."

"घेऊ नगंस," ते म्हणाले. मग त्यांनी तो हात माझ्या कपाळावर ठेवला, अक्काचं दाबायचे तसं दाबायला लागले, आणि वाजंत्री वाजत होती तोवर दाबत राहिले. मी काही त्यांना थांबवलं नाही.